कट म्हणेपर्यंत

आमच्या घरात सकाळ पडण्याच्या आवाजाने सुरू व्हायची. मंगळवार पेठेत, एका तालमीच्या मागच्या बोळात, वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आई जाड गोधड्या एकावर एक अंथरायची, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचायची आणि पडायची. कधी सरळ पाठीवर, कधी कुशीवर, कधी पाय घसरल्यासारखी बसकण मारून. आधी टाच घासल्याचा आवाज, मग अंग आपटल्याचा, मग थोडी शांतता. मागच्या खोलीत हिरामावशी भाकरी थापत असायची. झोपेत हे दोन्ही आवाज मला वेगळे ओळखता येत नसत. खाली एक शिंपी राहायचे. त्यांच्या कापडावर छताची माती झडायची. ते बाहेर येऊन वर बघत ओरडायचे, ‘‘आक्का, आज कितीदा मरतासा? गिऱ्हाइकाचा शर्ट हाय की ओ.’’ आई खिडकीतून सांगायची, ‘‘अजून एकदाच मरतो. कापड झाका.’’

तिला सगळे आक्का म्हणत, म्हणून मीही आक्काच म्हणायचे. चित्रपटाच्या पाटीवर नाव गोदा मुरगूडकर असे लागायचे. मुरगूडजवळच्या एका शेतकरी घरातून ती आणि हिरामावशी जत्रेत आलेल्या कलापथकाबरोबर बाहेर पडल्या. मावशी नाचायची. आक्का दिसायला बेताची होती आणि उंच होती, म्हणून तिला मागे उभे करत. एका गावात ती मागून पुढे येताना पायात पाय अडकून पडली आणि लोक हसले. दुसऱ्या गावात ती मुद्दाम पडली. वडील त्याच पथकात पेटी वाजवायचे. मला समज येण्याआधी ते गेले. त्यांच्याबद्दल सांगावे असे माझ्याकडे स्वतःचे काही नाही.

बोळाच्या तोंडाशी असलेल्या तालमीत पोरांना एकच गोष्ट शिकवत, की पाठ मातीला लागू द्यायची नाही. आक्का खिडकीत उभी राहून ते बघायची. तिचे काम उलटे होते, तिला रोज पाठच लावायची होती. पण आपटताना हनुवटी छातीशी ओढून घ्यायची आणि श्वास आधीच सोडून द्यायचा, या गोष्टी तिने तिथेच उचलल्या. बाईने हसवायचे म्हणजे तोतरे बोलायचे किंवा लाडीक बोलायचे, एवढेच तोवर चालत असे. अंगाने हसवणे पुरुषांकडे होते. आक्काने ते घेतले आणि कोल्हापुरातल्या स्टुडिओत पुढची बरीच वर्षे तिच्यावाचून विनोदी चित्रपट होईना. नंतर तिने स्वतः एक चित्रपट दिग्दर्शित केला. इथे कॅमेऱ्यामागे उभे राहून ‘कट’ म्हणणारी ती पहिली बाई, असे आता लोक लिहितात. मी ते तपासायचा प्रयत्न केला. पुरेशी कागदपत्रे मिळाली नाहीत, म्हणून ते विशेषण मी वापरत नाही.

तिच्या बहुतेक चित्रपटांत एक प्रसंग ठरलेला असायचा. नवरा थोबाडीत देतो, बायको गिरकी घेते आणि कशात तरी जाऊन पडते. पिठात, शेणात, हौदात. नवऱ्याचे काम शामराव पैलवान करायचे. ते खरेच पैलवान होते. गुडघा गेल्यावर चित्रपटात आले. मनाने मऊ माणूस. आमच्या घरी आले की मावशीच्या हातचा तांबडा रस्सा वाटीला तोंड लावून प्यायचे आणि घामाघूम व्हायचे. पण थोबाडीत खरी द्यायची, ही त्या धंद्यातली रीत होती. खोटी दिली तर शेवटच्या बाकड्यावरच्या माणसाला कळते, असे सगळे म्हणत. आक्काही म्हणायची. पैलवानांचा हात उजवा, म्हणून तिचा डावा कान हळूहळू गेला. तो कधी पूर्ण गेला हे तिला सांगता आले नसते. आम्ही घरात आपोआप तिच्या उजव्या हाताला बसू लागलो, मावशी भाकरी वाढताना उजवीकडून येऊ लागली.

आक्काने दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटाला पैसा घालणारे मोतीशेठ होते. वितरणही तेच करणार होते. आक्काची गोष्ट त्यांनी आमच्याच घरात, पोहे खात ऐकली. गोष्ट साधी होती, एका घरातल्या बायकोची. शेठ म्हणाले, ‘‘समदं झ्याक. पर ह्यात थोबाडीत कुठं हाय?’’

‘‘न्हाय ठेवली,’’ आक्का म्हणाली.

‘‘मग तुमचा पिक्चर वळखायचा कसा लोकांनी?’’

आक्काने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सारली. मग म्हणाली, ‘‘ठेवतो. पर पडल्यावर पुढं काय हुतं, ते दावणार.’’

शेठना त्यात काही अडचण दिसली नाही. मला मात्र तिने नंतर भांडी घासता घासता समजावून सांगितले. आजवर ती पडली की कॅमेरा लगेच दुसरीकडे जायचा, हसणाऱ्या शेजाऱ्यावर नाहीतर पळणाऱ्या कोंबडीवर. पडलेल्या बाईजवळ तो कधी थांबला नव्हता. तिला तो खाली, जमिनीलगत ठेवायचा होता आणि बाई उठेपर्यंत तिथेच ठेवायचा होता. ‘‘उठायला किती येळ लागतो ते बघू दे की,’’ ती म्हणाली.

तिच्या सेटवर एक नियम होता. ती कट म्हणेपर्यंत कोणी काही थांबवायचे नाही. याचे कारण तिच्या कामाच्या पद्धतीत होते. कलापथकात वाढल्यामुळे लिहिलेले संवाद तिच्या जिभेवर टिकत नसत. उभ्या जागी सुचेल ते ती बोलायची आणि समोरच्याने तसेच उत्तर द्यायचे. चित्रण बिनआवाजाचे असे, आवाज मागाहून डबिंगला भरायचा, त्यामुळे हे चालून जायचे. कॅमेरामनने पूर्वी एकदोनदा ती भलतेच बोलते आहे असे समजून कॅमेरा बंद केला होता आणि चांगला तुकडा वाया गेला होता. म्हणून स्वतःच्या चित्रपटाच्या पहिल्या दिवशीच तिने सगळ्यांना गोळा करून सांगितले, ‘‘मी काय बी बोलीन. शिव्या देईन, देवाला बोलवीन. कट म्हटलं तरच थांबायचं.’’

त्या दिवशी मी सेटवर नव्हते, कॉलेजात होते. पुढचे मी तिघांकडून वेगवेगळे ऐकले, म्हणजे शामराव पैलवान, कॅमेरामन आणि त्या दिवशी सेट बघायला आलेले डबिंगच्या साउंडचे हमीदचाचा यांच्याकडून. तिघांचे जुळते तेवढेच लिहिते. अंगणाचा सेट होता. एका बाजूला भुश्याचा ढीग केला होता, आक्काने त्यात पडायचे होते. सकाळी तिने अंगण मोकळे करायला सांगितले, तेव्हा कोणीतरी मधले दगडी उखळ त्या ढिगाखाली लोटून दिले. पैलवानांनी थोबाडीत दिली. आक्काने गिरकी घेतली, भुश्यात पडली आणि जबडा उखळाच्या काठावर आपटला. ती उठू लागली. कॅमेऱ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘‘थांबा. लागलंय.’’

सेटवरचे लोक हसले. पैलवान तिच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केलेले नट होते, त्यांना लगेच उत्तर सुचले. ते म्हणाले, ‘‘लागंल न्हाईतर काय? थोबाडीतच हाय ती.’’ आणि प्रसंगात ठरली होती तशी त्यांनी तिला दंडाला धरून उभे केले आणि दुसरी दिली. आक्का म्हणाली, ‘‘खरं लागलंय ओ.’’ लोक आणखी हसले. कॅमेरामनने मला सांगितले की त्याच्याही डोळ्यांत हसून पाणी आले होते, त्यामुळे चौकटीतले त्याला नीट दिसत नव्हते. आक्का गुडघ्यावर बसली. तोंडाला हात लावून बघितला. रीळ संपले म्हणून कॅमेरा थांबला. मग हातातले रक्त दिसले.

ती कट का म्हणाली नाही, हे मला नंतर पुष्कळांनी विचारले. तो शब्द तिच्या कामाचा होता. लागलेले माणूस थांबा म्हणते.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. दवाखान्यात दात तारेने आवळून बांधले आणि तशीच घरी पाठवली. हिरामावशीने पांढरा रस्सा फडक्यातून गाळायला सुरुवात केली. खसखस, काजू, खोबऱ्याचे दूध, मटणाचे पाणी, सगळे दोनदा गाळून ती वाटी पुढे ठेवायची आणि आक्का ते नळीने ओढून प्यायची. घरभर मसाल्याचा वास असायचा आणि चावण्यासारखे काही शिजत नसायचे. मावशी आणि मी आमच्या भाकरी खाली शिंप्यांच्या घरी नेऊन खायचो. सकाळी पुढच्या खोलीत आवाज नसायचा. शिंपी एकदा जिन्यात मला म्हणाले, ‘‘नलू, आता शर्ट सोच्छ राहत्यात गं,’’ आणि लगेच तोंड फिरवून आत गेले.

शामराव पैलवान दुधाची किटली घेऊन आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, तिथेच बसले. म्हणाले, ‘‘आक्का, तुमी बोल्लासा. मला वाटलं, डायलॉगच हाय.’’ आक्काने मान हलवली. ‘‘आईशप्पत, मला लई भारी वाटला ओ तो डायलॉग. म्हणून तर जबाब दिला मी.’’ मावशी आतून म्हणाली, ‘‘दूध ठिवा आणि जावा आता पावणं.’’ इतक्या वर्षांच्या माणसाला तिने पावणं म्हटले. ते उठले. किटली रोज येत राहिली, पण नंतर ती एक मुलगा आणून ठेवायचा.

तारा निघाल्या तेव्हा जबडा एका बाजूला सरकून बसला होता. आक्का बोलायची, पण शब्द दातांच्या फटीतून निसटायचे. घरच्यांना समजायचे, बाहेरच्यांना नाही. भुश्याचा प्रसंग चित्रणातला शेवटचा होता, त्यामुळे चित्रपट पुरा चित्रित झाला होता आणि त्यात तिचा आवाज भरायचा राहिला होता. माझा आवाज तिच्यासारखा होता. फोन नव्हता तेव्हा, पण जिन्यातून हाक मारली की शिंपी मला ‘आक्का’ म्हणून ओ द्यायचे. तेव्हा डबिंग मी करायचे ठरले. त्याआधी चित्रित केलेले तुकडे बघायला मोतीशेठ स्टुडिओत आले. भुश्याचा तुकडा आला. पडद्यावर आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. मग शेठ हसले. मुद्दाम नाही, त्यांना खरेच हसू आले. ‘‘ह्यो तुकडा जाऊ द्यायचा न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘असं पुन्हा कुणाला जमायचं न्हाय. निस्ता डायलॉग बदला. ओठाला बसंल असा.’’ दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेखकाने ओठाला बसणारा डायलॉग आणला. पडलेली बायको नवऱ्याला म्हणते, ‘‘थांबा, लाजले मी.’’

तो ओठांना बरोबर बसत होता. हमीदचाचांनी तुकड्याची दोन टोके चिकटवून माळ केली होती. ती फिरत राहायची, आणि पडद्यावर आक्का पडायची, उठायची, ओठ हलवायची, पुन्हा पडायची. मी माइकपुढे उभी होते. आक्का माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसली होती, उजवा कान माझ्याकडे करून. मागे शेठ होते. मी लेखकाचे वाक्य एकदा म्हटले. शेठ म्हणाले, ‘‘वा.’’ आक्काने हात वर केला. माळ थांबली.

‘‘मी बोल्लो ते बोल,’’ ती मला म्हणाली. शेठना ते कळले नाही, त्यांनी चाचांना विचारले. चाचांनी सांगितले.

‘‘आक्का, येडं व्हायचं का आता?’’ शेठ म्हणाले. ‘‘लोक घरातनं रडून आल्याली असत्यात. हसाय येत्यात ती.’’

‘‘मग तुकडा काढू का?’’ आक्काने विचारले.

तुकडा त्यांना हवाच होता. पुष्कळ बोलाचाली झाल्यावर त्यांनी कबूल केले की कोल्हापुरात पहिला आठवडा तिच्या म्हणण्याप्रमाणे चालवू. ‘‘तसं म्हणा न्हाईतर असं म्हणा,’’ ते जाताना म्हणाले, ‘‘लोक हसणारच की ओ.’’

मग मी ते शब्द म्हटले. माझा आवाज भरून आला. आक्काने मान हलवली. पुन्हा म्हटले. तिने पुन्हा मान हलवली आणि स्टूल माझ्याजवळ ओढले. ‘‘रडू नगं,’’ ती म्हणाली. ‘‘रडली की त्यास्नी नाटक वाटतं. मीठ संपलंय म्हणून मावशीला सांगतीस का न्हाय? तसं सांग.’’ मी तिच्या तोंडाकडे बघायचे सोडून पडद्याकडे बघितले आणि मीठ संपल्यासारखे सांगितले. हमीदचाचांनी बटण बंद केले आणि बराच वेळ दोरा गुंडाळल्यासारखे हात चोळत बसले. पुढची अनेक वर्षे मी बातम्या लिहिल्या, अपघाताच्या, जळिताच्या, विहिरीतल्या बायकांच्या. कसे लिहायचे हे मला कोणत्या संपादकाने शिकवले असे विचारतात, तेव्हा मी संपादकांची नावे सांगते.

पहिल्या खेळाला थिएटर भरले होते. मोतीशेठ म्हणाले होते तसेच झाले. थोबाडीत बसली आणि शिट्ट्या आल्या. ‘थांबा, लागलंय’ला हशा पिकला, पैलवानांच्या उत्तराला त्याहून मोठा, आणि ‘खरं लागलंय ओ’ तर हसण्यात ऐकूच आले नाही. पुढच्या रांगेत मध्यभागी बसलेले शामराव पैलवान टॉवेल डोक्यावर घेऊन वाकून बाहेर गेले. लोकांना तीही गंमत वाटली. आक्का शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक वेळी तेच. मावशी म्हणाली, ‘‘कशाला जातीस जीव जाळाय?’’ आक्का चप्पल घालायची.

आता तो तुकडा मोबाइलवर फिरतो. मोतीशेठनी पुढे बाहेरगावी पाठवलेल्या प्रतींत दुसऱ्या एका मुलीच्या आवाजात ‘लाजले मी’ भरून घेतले. तीच प्रत शिल्लक राहिली. कोल्हापूरची प्रत राहिली नाही. मला तो तुकडा शेजारच्या सुनेने दाखवला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती. आजी, ह्या कोण माहीत आहेत का, असे तिने विचारले.

त्या पहिल्या आठवड्यात मंगळवारी दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी होता. उचगावकडून, गडहिंग्लजच्या गाडीने, कुठून कुठून बायका आल्या होत्या. कडेवर पोरे, पिशवीत डबे, पदरात शेंगा. पिक्चर सुरू झाल्यावरही त्यांचे बोलणे थांबेना. आक्का पडद्यावर आली तेव्हा त्या मोठ्याने ओरडल्या, तिच्या पहिल्या पडण्याला एकमेकींच्या पाठीवर थापा मारून हसल्या. मी नेहमीसारखी तिच्या उजव्या हाताला बसले होते. भुश्याचा प्रसंग आला. थोबाडीत बसली आणि त्या हसल्या. ‘‘थांबा. लागलंय.’’ हसणे चालू होते, पण ते मागच्या रांगांकडून हळूहळू उतरत आले. पैलवानांचे उत्तर आले, त्याला कोणी हसले नाही. दुसरी थोबाडीत बसली. ‘‘खरं लागलंय ओ.’’ मशिनची घरघर ऐकू येत होती. एक पोर रडू लागले, त्याच्या आईने त्याला गप्प केले नाही.

आक्काने मान माझ्याकडे कलती केली. ‘‘साउंड गेला काय गं?’’

‘‘न्हाय. चालू हाय.’’

‘‘मग?’’

‘‘कोण हसंना.’’

तिने पडद्यावरची नजर काढली आणि मागे वळून रांगांकडे बघत राहिली. तो प्रसंग तिने रीळ संपेपर्यंत ठेवला होता, शेवटी पडदा पांढरा व्हायचा. त्या पांढऱ्या उजेडात बायकांची तोंडे दिसली. पुढे गाणे होते, पुढे दोन चांगले विनोदी प्रसंग होते. त्यांनाही कोणी हसले नाही. चित्रपटाच्या धंद्यात समजत असत की बायकांचा खेळ गप्प गेला की पिक्चर पडला. थिएटरचा मॅनेजर दारात येऊन बघून गेला आणि संध्याकाळच्या आत मोतीशेठपर्यंत ते पोचले. आठवडा पुरा व्हायच्या आधी कोल्हापुरात पिक्चर उतरला. आक्काला पुन्हा कोणी कॅमेऱ्यामागे उभे केले नाही.

हे पुढचे झाले. त्या दुपारी खेळ सुटला आणि आम्ही दाराजवळ बाजूला उभ्या राहिलो. बायका बाहेर पडत होत्या, पोरांना ओढत होत्या, आक्काकडे बघत होत्या. उचगावच्या घोळक्यातली एक बाई थांबली. वय आक्काएवढेच असेल. म्हणाली, ‘‘हसाय आलतो की ओ आमी.’’

‘‘व्हय,’’ आक्का म्हणाली.

आक्काचे बोलणे ऐकून बाईने हातातली पिशवी खाली ठेवली. पुढे येऊन तिची हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडे वळवले.

‘‘खरंच मोडलंय की ओ ह्ये.’’

‘‘व्हय.’’

‘‘तवाच?’’

‘‘तवाच.’’

बाईने बांगड्या कोपराकडे सारल्या. मनगटाचे हाड एका बाजूला उंच बसले होते. ‘‘माझं ह्ये असं बसलं,’’ ती म्हणाली. ‘‘थांबा म्हटलं, तवा सासू म्हनली, नाटकं करतीया.’’

आक्काने ते मनगट हातात घेतले. बाकीच्या बायका थांबल्या होत्या, त्यामुळे दार अडले. डोअरकीपर आतून ओरडत होता, ‘‘चला, पुढं सरका, पुढच्या शोची गर्दी हाय.’’ कोणी सरकले नाही. त्या बाईच्या मागे उभी असलेली दुसरी एक बाई, कडेवरचे पोर दुसऱ्या कुशीवर घेऊन, कानावरचा पदर बाजूला करत होती.